मामाच्या घड्याळात मेलेली टोकनं

हिंगणघाटात आमच्या मामाचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक काउंटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर एक खोटं बोलणारं घड्याळ. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या खासगी बसच्या सीटा तिथे मिळत. घड्याळ वीस मिनिटं पुढे असे. बिघडलं होतं म्हणून नव्हे. नव्वदच्या दशकात मामानं ऑफिस उघडलं त्याच दिवशी काटा हातानं पुढे सरकवला होता आणि पुढे दरवेळी सेल बदलला की तो आठवणीनं पुन्हा सरकवत असे.

आपल्या भागातल्या माणसाला गाडी साडेसहाची सांगितली की तो साडेसहाला घरी चहा मांडतो, हे मामाचं संशोधन होतं आणि त्याला कुठल्याही विद्यापीठानं आव्हान दिलेलं नव्हतं. त्यावरचा उपाय त्यानंच काढला. ऑफिसच्या घड्याळात गाडीची वेळ झाली की खुर्चीतून उठायचं. हायवेवरचा थांबा चालत बारा मिनिटांवर. उरलेल्या आठ मिनिटांत सामान मोजायचं, पोहोचवायला आलेल्यांच्या पाया पडायचं आणि कुणाला रडायचं असेल तर रडून घ्यायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना घड्याळाची भानगड ठाऊक झाली तेव्हा ती मनात वीस मिनिटं वजा करून येऊ लागली. मग मामा त्यांना गाडीची वेळच सहाची सांगू लागला. कोण कुणाला फसवतंय याचा हिशेब फक्त मामाच्या डोक्यात पक्का असे.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट होती. बाविसाव्या वर्षी मामाची वर्ध्याला एक मुलाखत होती आणि घरचं घड्याळ मागे पडल्यामुळे त्याची सकाळची एसटी चुकली. ती नोकरी कसली होती हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, त्यामुळे लहानपणी आम्ही ती कलेक्टरचीच असणार असं धरून चालायचो. तेव्हापासून त्याला एकच अभिमान होता आणि तो लग्नाच्या पंगतीत, बारशाला, मयतीलासुद्धा बोलून दाखवी. अठरा वर्षांत त्याच्या ऑफिसातून निघालेल्या एकाही माणसाची गाडी सुटली नव्हती. त्याच्याकडे दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं, आणि हे होतं ते खरं होतं.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा अमेरिकेतल्या काही बँका बुडाल्या आणि त्याचा परिणाम म्हणून पुण्यातल्या माझ्या टेबलावरचा कंप्युटर काढून घेण्यात आला. घरी मी सांगितलं, प्रोजेक्ट संपला. आई म्हणाली, बरं झालं, आता आराम कर. आणि तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या बायकांना मी आजारी असल्याचं सांगू लागली. मामा मात्र खूश झाला. पुण्याचा इंजिनिअर भाचा आयता हाती लागला होता आणि नेमकी त्याच महिन्यात हैदराबादच्या कंपनीची चिठ्ठी आली होती. ही कंपनी पाच-सहा मालकांच्या बसच्या सीटा विकत असे. यापुढे जे एजंट आपला प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरला जोडतील त्यांना कुठली सीट रिकामी आहे ते तिथल्या तिथे दिसणार होतं, आणि बाकीच्यांनी फोन करून ताटकळत बसायचं होतं. मामानं मला न विचारता हो कळवून टाकलं.

पायथन नावाची भाषा सोपी असते असं मी पुण्यात कँटीनमध्ये ऐकलं होतं. लिहिली कधी नव्हती, पण हे मामाला सांगायची मला गरज वाटली नाही. सायबर कॅफेतून शंभरेक पानं छापून आणली, त्यांना पंच मारला, फाइल केली. फाइल झाली की निम्मं ज्ञान झाल्यासारखं वाटतं, तसं मला वाटलं. मामानं पायथन म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, अजगर. तो बराच वेळ फाइलकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अजगर सीटा बुक करन काय बे?"

कंपनीची पद्धत अशी होती. आपला एजंट नंबर आणि पासवर्ड पाठवला की सर्व्हर एक टोकन देई. टोकन म्हणजे चाळीस-पन्नास अक्षरांची अर्थहीन माळ. पुढची प्रत्येक विचारणा करताना ती दाखवायची. पण तिची मुदत फक्त पंधरा मिनिटं. मुदत संपलेलं टोकन दाखवलं की सर्व्हर सीटांऐवजी चारशे एक हा आकडा पाठवी. त्याचा अर्थ, तुम्ही कोण ते आम्ही ओळखत नाही. पंधरा मिनिटांपूर्वी ओळखत होतो, आता नाही.

मला हे समजायला फाइलीतली अकरा पानं लागली. मामाला अर्धं मिनिट लागलं, कारण ऑफिस उघडायच्या आधी तो कापूस खरेदी केंद्रावर बैलबंडी घेऊन टोकनच्या रांगेत कैक वेळा उभा राहिला होता. "म्हंजे जुनं टोकन दाखवलं का तो हाकलते," मामा म्हणाला. "मंग नवं घ्याचं आन पुन्हा लायनीत लागाचं. याच्यात इंजिनिअरिंग काय हाये?"

आज मी हे काम शिकणाऱ्या पोरांना जे सांगतो ते एवढंच आहे. पण तेव्हा मी इंजिनिअर होतो. हाकलून घ्यायला सर्व्हरच्या दारात जायचंच कशाला? टोकनसोबत त्याची मुदत कधी संपणार ती वेळ लिहून येते. आपल्या कंप्युटरच्या घड्याळात बघायचं, मुदत संपली असली तर घरूनच नवं मागायचं, आणि जिवंत टोकन हाती येईपर्यंत मागत राहायचं. नकार ऐकण्याचा प्रसंगच येणार नाही. पुण्यात मिळालेल्या एका नकारानंतर मला हे तत्त्व फार आवडलं. सर्व्हरची वेळ लंडनची असते आणि आपली साडेपाच तास पुढे, हेही मी बरोबर पकडलं आणि कोडमध्ये त्यावर इंग्रजीत तीन ओळींची टीप लिहिली, म्हणजे पुढे कधी कुणी वाचलं तर त्याला माझी खोली कळावी. घरी माझ्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्राम सुरळीत चालला. साडेपाच तासांचा फरक मी धरला होता, वीस मिनिटांचा धरला नव्हता.

ऑफिसात नवा कंप्युटर आला त्या दिवशी मोडेमच्या फळीसाठी भिंतीवर दुसरा खिळा मिळेना, म्हणून घड्याळ उतरवलं आणि मामानं ते घरी पाठवलं. बदल्यात त्यानं स्क्रीनवर मोठ्या आकड्यांत वेळ दाखवायला सांगितली, पलीकडच्या खुर्चीवरूनही दिसली पाहिजे अशी. पायथनमध्ये मी केलेलं ते पहिलं काम. मग त्यानं कंप्युटरची वेळ वीस मिनिटं पुढे करायला सांगितली. तीही मीच केली. इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होण्याची सोय असते, ती त्यानं बंद करायला लावली, तीही मी केली. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं आणि चहा यायच्या आत विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोग्राम सुरू केला. मामानं काउंटरवर अगरबत्ती लावली होती. प्रोग्रामनं टोकन मागितलं, सर्व्हरनं दिलं. मुदत पंधरा मिनिटांची, कंप्युटरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे. म्हणजे टोकन ऑफिसात पाऊल टाकण्यापूर्वीच मरून पाच मिनिटं झालेली. प्रोग्रामनं दुसरं मागितलं. तेही मेलेलं. तिसरं. मी बाहेरून बघत होतो ते इतकंच, की स्क्रीन गप्प आहे आणि मोडेमचा दिवा पिसाटासारखा लुकलुकतोय. मी मामाला म्हटलं, लोड होतंय. चार मिनिटांनी हैदराबादहून फोन आला. तिथला टेक्निकलवाला माणूस अगदी सभ्य आवाजात म्हणाला, "भैया, आप लोग टोकन खा रहे हो क्या?" आमचं खातं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद केलं होतं.

असे तीन दिवस गेले. रोज सकाळी खातं उघडे, रोज मी काहीतरी दुरुस्त करून प्रोग्राम सुरू करी आणि रोज दहा मिनिटांत ते बंद होई. या काळात मी क्रमाक्रमानं मोडेमला, टेलिफोनच्या तारेला, हैदराबादला आणि शेवटी पायथन भाषेच्या निर्मात्यांना दोषी ठरवलं. मामा जुनी वही काढून फोनवर सीटा घेत राहिला. गिऱ्हाइकांनी कंप्युटरबद्दल विचारलं तर सांगे, टोकनचा प्रॉब्लेम हाये, भाचा पाहून राह्यला. भाचा खरंच पाहत होता. दुसरं काही त्याच्याच्यानं होत नव्हतं.

चौथा दिवस रविवार. हैदराबादवाल्यानं फक्त एकदा आणखी उघडून देतो असं बजावलं होतं, म्हणून मी प्रोग्रामची मागत राहण्याची सवय बंद करून टोकनची वेळ आणि आपली वेळ स्क्रीनवर एकाखाली एक छापली. दोन ओळींत सगळं उघडं पडलं. मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला, कारण माझा कोड बरोबर निघाला होता आणि चूक घड्याळाची होती.

मी मामाला समजावलं. कंप्युटरची वेळ खरी ठेवू या, बाकी सगळं सुरळीत चालेल. तो मान हलवत ऐकत राहिला, मला वाटलं पटतंय. शेवटी म्हणाला, घड्याळ मागं करायचं नाई. तुह्या टोकनाले काय पायजे ते तुह्या अजगरात कर. मी म्हटलं, ही जुनी पद्धत आहे, जगात सगळीकडे घड्याळं बरोबर असतात. तो म्हणाला, जगातल्या लोकायच्या गाड्याही सुटतात.

कोड बदलायला तासभर लागला असता. पण इथे तत्त्वाचा प्रश्न होता. खोट्या घड्याळासाठी माझा खरा कोड मी का वाकवायचा? पुण्यात माझी वाकण्याची पुरेशी प्रॅक्टिस झाली होती, म्हणून बहुधा मला इथे, मामाच्या ऑफिसात, ताठ राहायचं सुचलं. एक वाजता तो जेवायला घरी गेला. मी चार क्लिक केले आणि घड्याळ वीस मिनिटं मागे आणलं. प्रोग्राम सुरू केला. एक टोकन आलं, जिवंत. बसच्या सीटांचा नकाशा उघडला, रिकाम्यांच्या हिरव्या आणि भरलेल्यांच्या लाल चौकटी, सगळ्या बसच्या, नागपूरपासून. मी खुर्चीत एकटाच हसत बसलो होतो.

मामा चारच्या सुमारास झोप काढून आला. झोपून उठलेल्या माणसाला चार आणि पावणेचार यांतला फरक कळत नाही. हिरव्या-लाल चौकटी पाहून त्याचा चेहरा इतका फुलला की मला क्षणभर सांगून टाकावंसं वाटलं. त्यानं विचारलं, काय केलं बे मंग? मी म्हटलं, कोड बदलला. त्यानं शेजारच्या हॉटेलातून दोन प्लेट आलुबोंडे मागवले.

साडेचारला वर्ध्यापलीकडच्या आंजी गावची एक मुलगी आली. आधी वर्ध्याची एसटी, मग हिंगणघाटची, हातात एक पत्र्याची पेटी आणि प्लास्टिकची फाइल. नर्सिंग झालेलं होतं आणि हैदराबादच्या एका दवाखान्याची ऑर्डर आली होती. सोमवारी सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल, असं त्यात लिहिलं होतं. घरातून एवढ्या लांब जाणारी ती पहिलीच. वडील वर्ध्याच्या स्टँडवरून परत गेले होते कारण आंजीची शेवटची गाडी चुकवून चालणार नव्हतं. मामानं ती ऑर्डर दोनदा वाचली, दहा वाजता या शब्दांवर बोट ठेवून. मग तिचं तिकीट नव्या प्रोग्राममधून काढायला मला सांगितलं. छापून निघालेलं ते पहिलं तिकीट. गाडी साडेसहाची.

त्या गाडीला ऑफिसातून जाणारी ती एकटीच होती. मामानं तिला खुर्चीत बसवलं, आलुबोंडा खाऊ घातला आणि अठरा वर्षांत एकाचीही गाडी न सुटल्याची कथा सुरुवातीपासून सांगितली. ती मन लावून ऐकत होती. तिला कुणाच्यातरी तोंडून नेमकं तेच ऐकायचं होतं. मी स्क्रीनसमोर. दर पंधरा मिनिटांनी माझा प्रोग्राम जुनं टोकन टाकून नवं आणत होता आणि मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होतो.

सव्वासहानंतर ती अस्वस्थ झाली. मोबाइल काढून बघितला. म्हणाली, "काका, माह्या मोबाइलात सहा वीस झाले."

मामानं स्क्रीनकडे पाहिलं. तिथेही मोठ्या आकड्यांत सहा वीस. तो इतका प्रसन्न हसला की बस. "शाहानी हायेस माय तू," तो म्हणाला. "तुहाही माह्यावानीच पुढं हाये. अजून सहाच वाजले. आरामात बस."

मोबाइल तिच्या भावाचा होता. भावानं पुढे करून ठेवला असेल, असं तिलाही वाटलं. तिनं तो पिशवीत ठेवला आणि पेटीवर पाय टेकवून निवांत बसली. हे सगळं माझ्यापासून दोन हातांवर घडलं, प्रत्येक शब्द मी ऐकला. त्याच वेळी एक टोकन बदललं जात होतं आणि मी ते बघत होतो.

स्क्रीनवर साडेसहा झाले तेव्हा मामा नेहमीसारखा उठला, तिला म्हणाला, चाल माय, टाईम झाला. आणि तिची पेटी दारापाशी आणली. तिनं त्याच्या पाया पडायला वाकावं तेवढ्यात फोन वाजला. बसचा कंडक्टर हायवेवरून बोलत होता. त्याचा आवाज मला पलीकडे ऐकू येत होता. तुमची सीट कुठाय, साडेसहा होऊन गेले, तुमची माणसं कधी मागे राहत नाहीत म्हणून थांबलो. मामा म्हणाला, अजून वीस मिनिट हायेत ना बे. पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं आणि फोन कट झाला.

मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडे पाहिलं. मग पेटी त्याच्या स्कूटरवर पुढे पायापाशी ठेवली, मुलीला मागे बसवलं आणि गेला. आणि मला तेव्हा, अगदी तेव्हा, सगळं कळलं. मी थांब्याकडे धावत सुटलो. धावण्याचा उपयोग नव्हता, पण ऑफिसात त्या आकड्यांसमोर बसवेना.

थांब्यावर कुणी नव्हतं. मामानं स्कूटर तशीच बसच्या मागे, वडनेरच्या दिशेनं दामटली होती. अर्ध्या तासानं ती दोघं परत आली. बस दिसलीसुद्धा नव्हती आणि ड्रायव्हरचा मोबाइल लागत नव्हता. मुलगी उतरली, फाइल छातीशी धरून उभी राहिली. रडली नाही. तिनं फक्त विचारलं, दहा वाजेपर्यंत पोहोचता येईल का दुसऱ्या कुठल्या गाडीनं. दुसऱ्या खासगी गाड्या भरलेल्या होत्या. हे तिला मीच सांगितलं, कारण दुपारभर नकाशा मीच बघत होतो.

मामानं तिच्यासमोर हात जोडले. पन्नाशी उलटलेला माणूस, हायवेच्या कडेला, ट्रक जात असताना. म्हणाला, माह्याच्यानं चुकलं माय. कसं चुकलं मले समजून नाई राह्यलं, पण माह्याच्यानंच चुकलं. ती गोंधळून म्हणत राहिली, नाई काका, असं नका करू. मी शेजारी उभा होतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चार शब्दांचं. तेवढ्यात त्याच रस्त्यानं जाणारी पांढरकवड्याची एसटी आली आणि मला फार बरं वाटलं.

मामा तिच्याबरोबर चढला. तसाच, पायातल्या स्लिपरांवर. मामीले सांगजो, इतकंच खिडकीतून म्हणाला.

पुढचे दोन दिवस ऑफिस मी सांभाळलं. पहिलं काम म्हणजे प्रोग्राम नीट केला. घड्याळाकडे बघायचंच नाही. हातातलं टोकन घेऊन सरळ सर्व्हरकडे जायचं. चारशे एक आला तर निमूट ऐकून घ्यायचं, एकदाच नवं टोकन मागायचं आणि तीच विचारणा पुन्हा करायची. तरी हाकललं तर थांबायचं आणि माणसाला सांगायचं. आठ-नऊ ओळी झाल्या, तासही लागला नाही. कापसाच्या रांगेत उभं राहून मामाला जे कळलं होतं तेच मी अजगराच्या भाषेत लिहून काढलं. आता घड्याळ पुढे असो की मागे, प्रोग्रामला फरक पडत नव्हता. म्हणून मी कंप्युटरची वेळ पुन्हा वीस मिनिटं पुढे केली. सगळं पूर्ववत. कोणाला काही कळण्याची सोय उरली नाही. हे मी चूक दुरुस्त करण्यासाठी केलं की लपवण्यासाठी, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही आणि आता विचारायची गरज नाही.

मामा मंगळवारी दुपारी आला. पांढरकवडा, आदिलाबाद, मग सकाळची गाडी, असं करत ते एक वाजता दवाखान्यात पोहोचले होते. तिथल्या साहेबानं यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावायला सांगितला होता. मामानं तिथेही हात जोडले. मग एक कोरा कागद मागून त्यावर लिहून दिलं की सदर मुलीला उशीर माझ्या चुकीमुळे झाला आहे, तिचा दोष नाही. खाली सही केली, ऑफिसचा शिक्का पाकिटात होता तो मारला. साहेब म्हणे तो कागद बघत राहिला. दोन वाजता त्यानं तिला रुजू करून घेतलं.

हे सांगून झाल्यावर मामा खुर्चीत बसला. ड्रॉवरमधून स्वतःचा मोबाइल काढला, तोही त्याच्या नियमाप्रमाणे वीस मिनिटं पुढेच असे, आणि स्क्रीनवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. दोन्ही एकच. समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन तिथलं घड्याळ बघून आला. बरोबर वीस मिनिटांचा फरक, म्हणजे चूक घड्याळाची नव्हती. तो परत बसला. मी नकाशातल्या चौकटी मोजल्यासारखं करत होतो.

"ऑफिस आता तू पायजो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मले टाईम समजून नाई राह्यला. माह्या बापाचंही असंच सुरू झालतं."

आजोबांची शेवटची चार वर्षं मला आठवत होती. दिवसातून वीस वेळा किती वाजले विचारायचे, आणि सांगितलं की आपल्याला फसवताहेत असं वाटून रडायचे. मामा त्यांच्या उशाशी बसलेला असे. दोन दिवस आणि हैदराबादपर्यंतचा सगळा रस्ता तो हे मनात घेऊन बसला होता, आणि मी इथे आठ-नऊ ओळी लिहून खूश होतो. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

मी सांगितलं. रविवारी दुपारी घड्याळ मागे केलं, कोड बदलला असं खोटं सांगितलं, सोमवारी घड्याळ परत पुढे केलं. सगळं सलग, त्याच्याकडे न बघता. त्यानं कानाखाली मारावी म्हणून मी जरा जवळही सरकलो. मग त्यानं मोठा श्वास सोडला, दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले, आणि मला दिसलं की तो हसतोय. सुटला होता. त्याचं डोकं ठिकाणावर होतं, त्याचं घड्याळ ठिकाणावर होतं, बापाचं दुखणं त्याच्यात आलेलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, माफ केलं यानं.

मग तो हसायचा थांबला. काहीतरी आठवून, हळू आवाजात, खात्री करून घ्यावी तसं म्हणाला,

"म्हंजे मी त्या पोरीले हात जोडले, तवा तुले माहीत होतं. बाजूलेच तं उभा होता तू."

"होतो," मी म्हटलं.